देवाचा चांगुलपणा आणि रिती कणगी

कापणीच्या सणाच्या दिवशीं आमच्या खेड्यांतील मंदिरें ज्वारीच्या कणसांनीं, भोपळ्यांनीं व नव्या धान्याच्या पाट्यांनीं भरून जातात. वडील जन उभे राहून देवाचे उपकार मानितात, आणि देव चांगला आहे असें सर्व मंडळी एकमुखानें म्हणते. हें योग्यच आहे. परंतु त्याच मंडळींत एखादा बंधु मागें भिंतीशीं बसलेला असतो. त्याच्या रानांत पाऊस वेळेवर पडला नाहीं. कणगी रिती आहे. कर्जाचा हप्ता डोक्यावर आहे. त्यानें तेंच वाक्य कोणत्या तोंडानें उच्चारावें? प्रिय वाचकहो, या प्रश्नाचा विचार केल्यावांचून आमची उपकारस्तुति पुरी होत नाहीं.

पुष्कळांची समजूत अशी कीं, पीक आलें तर देव प्रसन्न झाला, आणि बुडालें तर कांहीं पापाचा दंड झाला. प्रभु येशूनें डोंगरावरील प्रवचनांत ही समजूत मुळापासून उपटून टाकिली आहे. पित्याचा सूर्य व पाऊस कोणाची योग्यता पाहून शेतांत उतरत नाहींत, असें त्यानें शिकविलें. तेव्हां भरलेली कणगी ही आमच्या धार्मिकतेची पावती नव्हे, व रिती कणगी ही शेजाऱ्याच्या पापाची साक्ष नव्हे. ईयोबाच्या मित्रांची चूक हीच झाली. सात दिवस व सात रात्री ते त्याच्याजवळ मुकाट्यानें भुईवर बसले, तोंवर ते खरे मित्र होते. पण देवाची बाजू मांडावयास त्यांनीं तोंड उघडलें, आणि दुःखिताच्या जखमेवर मीठ चोळलें. शेवटीं देवाचा कोप झाला तो त्यांच्यावर, ईयोबावर नव्हे.

मग देवाचा चांगुलपणा ओळखावा कशावरून? ख्रिस्ती मनुष्य याचें उत्तर शेतांत न शोधितां वधस्तंभापाशीं शोधितो. तेथें देवानें दुःखाचें कारण सांगितलें नाहीं. तो स्वतः त्या दुःखांत उतरला. त्याचा चांगुलपणा जवळ येण्यांत प्रगट झाला. हें ज्याला कळलें, त्यानेंहि दुःखिताच्या जवळ गेलें पाहिजे.

पंडिता रमाबाईंचें उदाहरण आपल्या ओळखीचें आहे. १८७० नंतरच्या दशकांतील दुष्काळांत त्यांनीं आईबाप व वडील बहीण हीं गमाविलीं. कोवळ्या वयांत भावाबरोबर त्यांस अन्नावांचून वणवण करावी लागली. १८८३ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पुढें १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या, व तेथून सुमारें ३०० निराश्रित मुली व बालविधवा यांस त्यांनीं आश्रय दिला. १९०० च्या सुमारास गुजराथेंत दुष्काळ पडला तेव्हांहि तसेंच केलें. केडगांवचें मुक्तिकार्य यांतून वाढलें. दुष्काळ कां आला याची उपपत्ति सांगत त्या बसल्या नाहींत. जिला दुष्काळानें पोरकें केलें तीच पोरक्यांची आई झाली, हेंच त्यांचें उत्तर. त्या मुलींस देवाच्या चांगुलपणाचा पहिला धडा ताटांतील भाकरीनें दिला असेल.

कोणी म्हणेल, रमाबाई थोर होत्या. आम्ही दोन एकरांचे धनी काय करणार? प्रसंग लहान असला तरी कसोटी तीच आहे. ज्याच्याशीं बांधावरून वाद आहे, ज्याच्या उंबऱ्यावर आपण वर्षभर पाय ठेविला नाहीं, त्याचेंच बीं यंदा करपून गेलें असेल. पेरणीच्या वेळीं पायलीभर बीं त्याच्या घरीं पोंचविणें, आणि मंडळींत त्याचा गवगवा न करणें, हें कठीण आहे. देव कृतघ्नांवरहि दया करितो असें म्हणणें सोपें. पण आम्हांस त्या कृतघ्नाचें नांव व घर ठाऊक असतें.

यास्तव, बंधुभगिनींनो, येत्या सणास आपली पाटी वेदीपुढें ठेवण्यापूर्वीं भिंतीशीं बसलेल्याकडे एकवार पाहा. त्याच्या कणगींत आपल्या कणगींतले दाणे पडतील, तेव्हां कदाचित् देव चांगला आहे असें तोहि म्हणेल. न म्हणाला, तरी त्यास बोल लावूं नका. त्याचें मन भरून येईपर्यंत त्याच्या वतीनें उपकार मानणें व त्याच्या शेजारीं बसणें, हें मंडळीचें काम आहे.