न कळण्याची सोय

साथ चालू असताना शेजारी काम करणारा सोबती बाधित निघाला, तर ते कामगाराला कळू नये अशी व्यवस्था करण्याचा अधिकार मालकाला आहे का? हा प्रश्न कल्पनेतला नाही. कोविडच्या साथीत, जुलै 2021 मध्ये, इंग्लंड आणि वेल्समधल्या सरकारी आरोग्यसेवेच्या संपर्कशोध ॲपने एका आठवड्यात 6 लाखांहून अधिक लोकांना घरीच थांबण्याच्या सूचना पाठवल्या. कारखान्यांत आणि दुकानांत माणसे कमी पडू लागली, आणि काही ठिकाणी कामगारांना कामाच्या वेळेत ते ॲप बंद ठेवायला सांगितले गेले. भारतात आदेश नेमका उलटा निघाला होता. 2 एप्रिल 2020 रोजी आरोग्य सेतू हे सरकारी संपर्कशोध ॲप आले आणि 1 मे रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने सरकारी व खासगी अशा सर्व कर्मचाऱ्यांना ते सक्तीचे केले. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या फोनमध्ये ते असेल याची जबाबदारी आस्थापनेच्या प्रमुखावर टाकली. 17 मेच्या आदेशात ही भाषा सौम्य झाली आणि सक्तीच्या जागी 'शक्य तितका प्रयत्न' आला. तिकडे 'बंद कर' आणि इकडे 'चालू ठेव', असे हे दोन आदेश परस्परविरोधी दिसत असले तरी दोघांच्या मुळाशी चूक एकच आहे. कामगाराला होणारे धोक्याचे ज्ञान ही मालकाच्या ताब्यातली वस्तू आहे, असे दोन्हीकडे गृहीत धरले गेले. माझ्या मते हे ज्ञान ज्याच्या देहाला धोका आहे त्याचे आणि त्याच्या सहवासात येणाऱ्यांचे आहे. मालकाच्या वाट्याला येते ते त्या ज्ञानाचा खर्च उचलण्याचे कर्तव्य.

कोल्हापूरसाठी हा प्रश्न परका नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींमधल्या फाउंड्र्या, इचलकरंजीतले यंत्रमाग, जिल्हाभरातले साखर कारखाने, या सगळ्यांत माणसे खांद्याला खांदा लावून काम करतात. 2021 च्या जूनमध्ये राज्यातल्या अनेक जिल्ह्यांत साथ ओसरत असताना कोल्हापुरात तपासणीत बाधित निघणाऱ्यांचे प्रमाण 10 टक्क्यांच्या वर राहिले आणि निर्बंध लांबले. त्या दिवसांत संपर्कात आलेल्या माणसाने घरी थांबणे म्हणजे कुणाचा तरी जीव वाचण्याची शक्यता वाढणे, आणि त्याच वेळी कुणाची तरी मजुरी बुडणे. म्हणूनच हा प्रश्न तंत्रज्ञानाचा किंवा कायद्याचा असण्याआधी धर्माचा, म्हणजे कर्तव्याचा आहे. आपल्याकडून दुसऱ्याला इजा होण्याची शक्यता असेल, तर ती जाणून घेण्याची जबाबदारी आपल्यावर कितपत येते?

या प्रश्नाचा सर्वांत कसून केलेला विचार याच मातीत रुजलेल्या एका परंपरेत सापडतो. कोल्हापूर-सांगली भागात जैन समाज मोठा आहे आणि त्यातले कितीतरी पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारे आहेत. शहरात लक्ष्मीसेन मठ आहे, कुंभोजजवळ बाहुबलीचे क्षेत्र आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची जी व्याख्या आहे, तिच्यात प्राणहानीला प्रमादाची जोड दिली आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, बेफिकिरी. कुंदकुंदाचार्यांनी प्रवचनसारात हा विचार शेवटापर्यंत नेला. जीव मरो वा वाचो, बेफिकीरपणे वागणाऱ्याला हिंसेचा दोष लागतोच. आणि जो जपून वागतो त्याच्याकडून नकळत इजा झाली तरी तिने तो बांधला जात नाही. नीतीचे ओझे इथे परिणामावरून सावधपणावर येते. याच परंपरेने दोषाची आणखी एक विभागणी केली आहे. एखादे कृत्य स्वतः केले, दुसऱ्याकडून करवले किंवा त्याला संमती दिली, तर तिन्ही प्रकारांत कर्त्याचा वाटा राहतो. कृत, कारित आणि अनुमोदित ही त्रयी पातंजल योगसूत्रांतही हिंसेच्याच संदर्भात येते. म्हणजे हा एकाच पंथाचा कडकपणा नव्हे. भारतीय नीतिविचाराचा हा सामाईक पाया आहे.

आता 'कामावर असेपर्यंत ॲप बंद ठेव' हे वाक्य या कसोटीवर पाहू. असे सांगणारा मालक कुणाला आजारी पाडू इच्छित नाही, हे मान्य. पण त्याला एक गोष्ट नक्की ठाऊक असते: ॲप चालू राहिले तर काही माणसांना धोक्याची सूचना मिळेल. ती सूचना येऊ नये एवढ्यासाठीच तो आदेश देतो. ज्याला माहीत नव्हते त्याचा दोष हलका, हे तत्त्वार्थसूत्रही मानते. जाणून केलेल्या आणि अजाणता घडलेल्या कर्मात ते फरक करते. परंतु ज्याने माहीत होऊ नये अशी तजवीज केली, त्याला अजाणतेपणाची सवलत मागता येत नाही. धोका ओळखला म्हणूनच त्याकडे पाठ फिरवली, तेव्हा पाठ फिरवणे हे जाणूनबुजून केलेले कृत्य ठरते. मालकाच्या बाबतीत ते 'कारित' आहे. निरोप पोचवणाऱ्या सुपरवायझरच्या किंवा मुकादमाच्या बाबतीत ते 'अनुमोदित' आहे. ज्याच्या बोटाने ते ॲप बंद होते, त्या कामगाराचा वाटा मात्र सर्वांत कमी, कारण त्याच्या संमतीमागे नोकरी जाण्याची भीती उभी असते. सत्ता जितकी वर, तितका दोष वर. व्यवहारात मात्र चौकशी झाली की ॲप कुणी बंद केले हे विचारले जाते आणि बोट खालच्या माणसाकडे जाते.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो पोकळ नाही. ही ॲप माणसांमधले अंतर मोजत नाहीत, फोनमधले मोजतात. ब्लूटूथच्या लहरी पातळ भिंतीपलीकडेही पोचतात. अनेक कारखान्यांत फोन गेटवर किंवा लॉकरमध्ये ठेवावे लागतात. तिथे शेजारी पडलेले दोन फोन आठ तास एकमेकांच्या 'सहवासात' राहतात, त्यांचे मालक मात्र शेडच्या दोन टोकांना असतात. अशी सूचना खोटी ठरते, आणि खोट्या सूचनांनी खऱ्या सूचनेवरचा विश्वास उडतो. म्हणूनच ब्रिटिश ॲपमध्ये शोध तात्पुरता थांबवण्याची सोय होती, आणि फोन लॉकरमध्ये असताना किंवा पूर्ण संरक्षक पोशाखातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी ती वापरावी असे तिथल्या मार्गदर्शक सूचनाही सांगत होत्या. मग बंद करण्यात गैर काय? गैर बटणात नाही, कारणात आहे. फोन अंगावर नाही म्हणून शोध थांबवणे हे ज्ञान अचूक करण्यासाठी आहे; फोन खिशात असताना, सोबती हातभर अंतरावर असताना तो थांबवणे हे ज्ञान नाहीसे करण्यासाठी आहे. पहिले सावधपणात मोडते, दुसरे प्रमादात. ओळखण्याची खूण सोपी आहे. ज्याला खोट्या सूचनांचीच चिंता आहे तो मालक पर्यायी व्यवस्था उभी करील: कोणत्या पाळीत कोण कुणाशेजारी होते याची नोंद ठेवील, कुणी बाधित निघाला तर त्याचे नाव जाहीर न करता शेजाऱ्यांना कळवील. ज्याने ॲप बंद करवले आणि त्याच्या जागी काहीच ठेवले नाही, त्याचा हेतू त्याच्या कृतीतूनच उघड होतो.

दुसरा आक्षेप खासगीपणाचा, आणि तो अधिक खोल आहे. आरोग्य सेतू नाव, फोन क्रमांक, वय, व्यवसाय विचारत असे आणि ब्लूटूथबरोबर जागेचीही नोंद घेत असे. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवल्यानंतर, पाठीशी स्वतंत्र कायदा नसताना असे ॲप सक्तीचे करणे सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांना पूर्णपणे बेकायदेशीर वाटले, आणि त्यांनी ते उघडपणे सांगितले. पुढे जानेवारी 2021 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने वापरणाऱ्याच्या जाणत्या संमतीवाचून ही माहिती इतरांना देण्यास अंतरिम मनाई केली. मग एखादा कामगार 'मला हे ॲप नको' म्हणाला तर तो प्रमादी ठरतो का? नाही. आपल्या हालचालींची नोंद कुणाच्या हाती द्यावी हे ठरवणे त्याचा अधिकार आहे, आणि जपून वागण्याचे इतर मार्ग त्याला मोकळे आहेत: मुखपट्टी, अंतर, लक्षणे दिसताच घरी थांबणे, सोबत्यांना सांगणे. पण हा आक्षेप मालकाच्या मदतीला येत नाही. खासगीपणा ज्याचा आहे त्यानेच तो वापरायचा असतो. मालकाने कामगाराच्या खासगीपणाच्या नावाने त्याचे ॲप बंद करवणे हे त्याच्या वतीने त्याचाच अधिकार हिरावण्यासारखे आहे. सक्तीने चालू ठेवणे आणि सक्तीने बंद करवणे, दोन्हींत कामगाराची संमती गाळली जाते, म्हणून दोन्ही सारखीच अमान्य ठरतात.

तिसरा आक्षेप भाकरीचा. कोल्हापूरच्या मातीत लिंगायत परंपराही खोलवर आहे, आणि त्या परंपरेने श्रमाला पूजेचे मोल दिले. काम थांबवणे हाही अधर्म आहे, असे कुणी म्हणेल: भट्टी विझली, माग थांबले, तर माणसे उपाशी मरतात, आणि लहान कारखानदार व्याजाच्या हप्त्याखाली चिरडला जातो. हे दुःख खरे आहे. पण या परंपरेचे प्रवर्तक बसवण्णा यांच्या विचारात कायक, म्हणजे श्रम, एकटे येत नाही, त्याच्याबरोबर दासोह येतो. कष्टाने मिळवलेले समाजासोबत वाटून घेणे हा कायकाचाच दुसरा अर्धा भाग आहे. श्रम पवित्र असतील तर श्रमणारा देह त्याहून पवित्र आहे, आणि तो जपण्याचा खर्च त्या श्रमाच्या फळातूनच निघायला हवा. खरी अडचण ॲपमध्ये नाहीच. ती घरी थांबण्याची किंमत कोण देतो यात आहे. लॉकडाउनमध्ये वेतन कापू नये हा 29 मार्च 2020 चा केंद्राचा आदेश दोन महिनेही टिकला नाही. 18 मेपासून तो संपला. राज्य कामगार विमा योजनेत आजारपणात वेतनाच्या 70 टक्के इतका भत्ता वर्षाला 91 दिवसांपर्यंत मिळतो, पण ती तरतूद आजारी माणसासाठी आखलेली आहे. ज्याला अजून काहीच झालेले नाही, जो इतरांच्या जिवासाठी घरी बसतो, तो तिच्या कडेला राहतो. इचलकरंजीत कापडाच्या मीटरवर मजुरी घेणाऱ्याला तर न विणलेल्या दिवसाचा रुपयाही मिळत नाही. ब्रिटनमध्येही कमी उत्पन्नाच्या माणसाला विलगीकरणासाठी 500 पौंडांची मदत होती, पण केवळ ॲपच्या सूचनेवरून थांबलेल्यांसाठी ती डिसेंबर 2020 मध्ये खुली झाली. धोका कळण्याचा दंड ज्याला भरावा लागतो, तो माणूस धोका न कळलेला बरा असेच म्हणणार.

हे आपण आधीही पाहिले आहे. 1897 च्या प्लेगमध्ये पुण्यात प्लेग अधिकारी वॉल्टर रँडच्या हाताखाली सोजिरांनी घरोघर झडत्या घेतल्या, रोग्यांना आणि त्यांच्या माणसांना बळाने हलवले गेले. तेव्हा लोक रोगी लपवू लागले. प्लेगची भीती त्यांना नव्हती असे नाही, पण रोग उघड होण्याची शिक्षा त्यांना रोगापेक्षा मोठी वाटत होती. त्याच वर्षीचा साथरोग कायदा 2020 मध्ये पुन्हा वापरात आला, पण त्या वर्षाचा धडा वापरात आला नाही. कळण्याला शिक्षा जोडली की समाज न कळण्याची सोय शोधतो, मग शिक्षा सोजिरांची असो वा बिनपगारी रजेची. म्हणून दोषाच्या हिशेबात मालकाबरोबर आपलाही वाटा येतो. स्वस्त कापड, वेळेवर पोचणारे सुटे भाग, बंद न पडणारी बाजारपेठ यांचा लाभ घेणारे आपण सगळे, विलगीकरणाचा खर्च कामगाराच्या एकट्याच्या डोक्यावर टाकणाऱ्या व्यवस्थेला मूक संमती देतो. अनुमोदित हिंसेची याहून स्वच्छ व्याख्या करता येणार नाही.

आरोग्य सेतूचा संपर्कशोध आता बंद झाला आहे, पण साथी पुन्हा येतील आणि त्यांच्यासोबत नवी साधनेही येतील. तेव्हा कोणते ॲप चालू असावे याचा वाद घालण्याआधी कारखान्याने दोन गोष्टी लेखी जाहीर कराव्यात: साधन वापरण्याचा निर्णय कामगाराचा राहील, आणि जो इतरांना जपण्यासाठी घरी थांबेल त्याची मजुरी थांबणार नाही. लहान कारखान्याला हे एकट्याने पेलणार नाही; म्हणून औद्योगिक वसाहतींच्या संघटना, कामगार विमा आणि सरकार यांनी मिळून त्यासाठी निधी साथीच्या आधीच उभा करायला हवा. एवढे झाले तर ॲप बंद करा असे सांगण्याचे कारणच मालकाला उरणार नाही, आणि चालू ठेवा अशी सक्ती करण्याचीही गरज पडणार नाही. अहिंसेचे मोठे व्रत घेणे थोड्यांनाच जमते. दुसऱ्याला धोका कळू देणे आणि तो कळल्याबद्दल त्याला उपाशी न ठेवणे, एवढी अहिंसा मात्र प्रत्येक कारखान्याला पाळता येते, आणि तेवढी तरी त्याच्याकडून मागण्याचा आपल्याला हक्क आहे.