साधनेची ऊब, साधनेची धग

काशीला गेलात तर विश्वनाथाचे दर्शन झाल्यावर पंचगंगा घाटाकडे जरूर जा. पायऱ्या उंच आहेत, गुडघे कुरकुरतील, तरी जा. वर बिंदुमाधवाचे मंदिर लागते. ते औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेले, म्हणून मराठी माणसाचे पाऊल तिथे जरा रेंगाळते. तिथूनच जवळच्या गल्लीत मंगला गौरीचे स्थान आहे. श्रावणातल्या मंगळवारी आपल्या घरातल्या नव्या सुना-लेकी पत्री वाहून जिची पूजा करतात, रात्री झिम्मा-फुगडी घालून जिच्यासाठी जागतात, तीच ही आई.

या स्थानाची कथा काशीखंडात येते. सूर्यनारायणाने इथे गभस्तीश्वर नावाचे शिवलिंग स्थापले, मंगला गौरीची स्थापना केली आणि आईसमोर तो तपाला बसला. तप इतके उग्र की त्याचे शरीर दिसेना, नुसते किरणच दिसू लागले. तिन्ही लोक पोळू लागले. झाडे, पाणी, जीवजंतू सगळे होरपळले. जो जगाला जगवतो तोच जाळू लागला तर दाद कोणाकडे मागायची? शेवटी भगवान शंकर तिथे आले. सूर्य समाधीत बुडालेला, त्याला कशाचेच भान नाही. शंकरांनी त्याला आपल्या हाताने स्पर्श केला, तेव्हा कुठे तो शांत झाला. फक्त किरण दिसत होते म्हणून त्याला मयूखादित्य हे नाव मिळाले.

साधकांनो, या कथेत एक गोष्ट फार अवघड आहे आणि आपण ती पटकन ओलांडून पुढे जातो. सूर्य काही वाईट करत नव्हता. तो आईच्या पायाशी बसून तप करत होता. याहून चांगले कर्म कोणते? आणि तरीही त्याच्या भोवतीचे जग भाजत होते. त्याला स्वतःला ते कळतही नव्हते, कारण तो आपल्या आनंदात होता.

तप करणाऱ्याला धग लागत नाही. ती शेजारी बसलेल्याला लागते.

शेजारच्याला ती कशी लागते हे समजून घ्यायला जरा दूर जाऊ. आपल्यापैकी पुष्कळांची मुले सिंगापूरला असतात. नातवंडांना घेऊन तिथले प्राणिसंग्रहालय पाहिले नाही असे आजी-आजोबा विरळाच. ज्यांनी 2012 पूर्वी ते पाहिले त्यांना तिथली पांढऱ्या अस्वलांची जोडी आठवत असेल. आई शीबा आणि तिचा मुलगा इनुका. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर. बाराही महिने उकाडा, अंगाला चिकटणारी दमट हवा. आणि तिथे ध्रुवाकडचे अस्वल! इनुकाचा जन्म तिथलाच, 26 डिसेंबर 1990 चा. उष्ण कटिबंधात जन्मलेले ते पहिले ध्रुवीय अस्वल म्हणून त्याचे केवढे कौतुक झाले.

या अस्वलाचे शरीर कसे असते पाहा. कातडीखाली चरबीचा जाड थर, वर दाट केस. सगळी रचना एकाच कामासाठी, आतली ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही. बर्फात हे वरदान आहे. सिंगापुरात तोच अंगातून काढता न येणारा कोट. 2004 मध्ये तर या मायलेकांचा रंग हिरवा झाला. या अस्वलाचा केस आतून पोकळ असतो, आणि त्या उष्ण दमट हवेत केसांच्या पोकळीत शेवाळ वाढले. लोकांना गंमत वाटली, हिरवे अस्वल पाहायला गर्दी झाली. मग औषधाने धुऊन त्यांना पुन्हा पांढरे करण्यात आले.

तिथे उभ्या असलेल्या माणसांच्या तोंडी एक वाक्य सहज येई: "अहो, हा तर इथेच जन्मलाय. याला सवय असणार." ऐकायला किती शहाणपणाचे वाटते! पण बर्फ पाहिला नाही म्हणून अंगावरचा कोट पातळ होत नाही. उकाड्यात हा जीव धापा टाकतो असे सांगत प्राणिप्रेमींनी वर्षानुवर्षे आवाज उठवला. संग्रहालयाने 2006 मध्येच ठरवले की यापुढे नवे ध्रुवीय अस्वल आणायचे नाही. इनुकाला थंड देशात पाठवण्याचाही विचार झाला, पण उतारवयात नवी जागा, नवी माणसे त्याला सोसवणार नाहीत म्हणून तो सोडून दिला. 2013 मध्ये त्याला थंडगार गुहा असलेले नवे घर मिळाले. तोवर शीबा गेली होती. 25 एप्रिल 2018 ला, वयाच्या 27 व्या वर्षी, दुखणी असह्य झाल्यावर त्यालाही शांतपणे निरोप देण्यात आला. त्याला सांभाळणाऱ्यांचे त्याच्यावर खरेच प्रेम होते, याबद्दल मला शंका नाही. प्रेमाने सांभाळलेल्यालाही उकडते, एवढेच मला म्हणायचे आहे.

आता घरात या.

घरात एक साधक असतो. पहाटे चारला उठतो, ध्यान करतो, वाचन करतो, सत्संग चुकवत नाही. फार चांगले. पण त्याच्या ध्यानाच्या वेळी स्वयंपाकघरात भांडे पडले तर घर दचकते. नातवंडे कुजबुजत बोलतात. सून मिक्सर लावायला घाबरते. कांदा-लसूण बंद झाला आहे, पण तो बंद करायचा का हे कोणी कोणाला विचारलेले नाही. कधी हा साधक सासू असते, कधी सासरा. कधी नुकताच शिबिराला जाऊन आलेला तरुण मुलगा असतो, जो सत्तर वर्षांच्या वडिलांचा दुपारचा चहा तोडायला निघतो! आणि घरातले म्हणतात, "त्यांचे असेच असते, आम्हाला सवय झाली आहे."

सवय. पुन्हा तोच शब्द.

नव्या सुनेचे तर विचारूच नका. ती वेगळ्या घरातून, वेगळ्या चवीतून, वेगळ्या झोपेच्या वेळांतून आलेली असते. पहिली पाच वर्षे आपण तिच्याकडून मंगळागौर पुजवून घेतो, आणि त्याच पाच वर्षांत तिला सर्वांत जास्त वेळा ऐकवलेले वाक्य असते, "आमच्याकडे असंच असतं." मुंबईच्या राणीच्या बागेत 2016 मध्ये सेऊलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले. त्यांच्यासाठी 16 ते 18 अंशांची हवा राखणारे दालन उभारले. रात्रंदिवस यंत्रे, गाळलेले पाणी, डॉक्टर. (हा पक्षी बर्फातला नव्हे, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचा, पण मुंबईचा उन्हाळा त्यालाही जड.) इतके करूनही एक त्याच वर्षी दगावला आणि 2018 च्या स्वातंत्र्यदिनी जन्मलेले पिल्लूही काही दिवसांतच गेले. त्यांना आणायला हवे होते का, यावर मतभेद आहेत. मला विचाराल तर आणायला नको होते. पण आणल्यावर कोणी त्या पक्ष्याला म्हटले नाही की आमच्याकडे असंच असतं, घे जुळवून. पाहुण्यासाठी हवा बदलली गेली. एवढे आपण सुनेसाठी करतो का? अंशभर तरी?

कोणी विचारेल, मग साधना सैल करायची का? उठायचे नाही पहाटे? तसे नाही. सूर्याने तप केले म्हणून तो दोषी ठरत नाही, तो आजही उगवतो. कथेचा एक भाग मी मुद्दाम मागे ठेवला होता. त्या उग्र तपात सूर्याला घाम आला आणि त्या घामाची नदी झाली, तिचे नाव किरणा. पंचगंगेतल्या पाच प्रवाहांपैकी ती एक मानली जाते. एकाच तपातून धगही निघाली आणि पाणीही. स्वतःच्या अंगातून जे गाळले त्यात आजही लोक स्नान करतात. दुसऱ्यांच्या अंगावर जे गेले ते थांबवायला महादेवांना यावे लागले.

म्हणून पहाटे उठा, पण आपला चहा आपण करून घ्या. मौन पाळा, पण ते घरावर लादू नका. उपवास तुमचा असेल तर साबुदाणा तुम्हीच भिजवा. ध्यानात असताना भांडे पडले तर त्या आवाजासकट बसा; तेही तपच आहे, आणि त्यात पोळते ते आपणच.

येत्या मंगळवारी पूजा आटोपल्यावर घरातल्या एखाद्या माणसाजवळ निवांत बसा. जो सगळ्यात कमी बोलतो त्याच्याजवळ. आणि विचारा, "माझ्या साधनेचा तुला काही त्रास होतो का?" बहुधा उत्तर येईल, "छे हो, काही नाही." ते लगेच खरे मानू नका. त्या वेळी वाद घालू नका, समजावून सांगू नका. आठ-पंधरा दिवस आपले वागणे थोडे बदलून पाहा आणि मग पुन्हा विचारा. दुसऱ्यांदा विचारल्यावर माणसे बोलू लागतात. जे कानावर येईल ते ऐकताना आत धग उठेल. ती तिथेच, आपल्यापाशीच राहू द्या.