‘नाही’ म्हणण्याचा अधिकार

विद्यार्थी टेबलापाशी येऊन सांगतात, “मॅडम, ह्या विषयावर आपल्याकडे काहीच काम झालेलं नाही.” मी विचारते, “कुठे पाहिलंत? कोणते शब्द टाकलेत?” बहुतेक जण गप्प होतात.

मी एका वैद्यकीय महाविद्यालयाचं ग्रंथालय सांभाळते. डॉक्टरांच्या सिस्टिमॅटिक रिव्ह्यूसाठी निबंध शोधून देणं हे माझं काम. एका प्रश्नावरचे झाडून सगळे अभ्यास गोळा करायचे आणि मगच निष्कर्ष काढायचा, अशी ही पद्धत. त्यात एक निबंध सुटला तरी उपचाराबद्दलचं मत चुकू शकतं.

माझ्या हातून असा एक निबंध सुटला होता. मुंबईतल्या कुष्ठरोगावरचे अभ्यास हवे होते. मी शोधून कळवलं, “जुनं फारसं काही नाही.” आठवड्याने त्या डॉक्टरबाईंना नियतकालिकाच्या एका जुन्या बांधीव खंडात नेमका हवा तो निबंध मिळाला. शीर्षकात ‘बॉम्बे’ होतं. शहराचं नाव बदललं १९९५ साली. मी शोधलं होतं फक्त ‘मुंबई’.

त्या रात्री मला मीमांसा दर्शनाचे तत्त्वज्ञ कुमारिल भट्ट आठवले. ‘जमिनीवर घडा नाही’ हे आपल्याला कशाने कळतं? डोळ्यांना तर जमीनच दिसते. नसणं दिसत नाही. न्यायदर्शनाचे अनुयायी, म्हणजे नैयायिक, म्हणतात, हे ज्ञानही प्रत्यक्षातच मोडतं. कुमारिलांच्या परंपरेतल्या भाट्ट मीमांसकांनी मात्र त्यासाठी अनुपलब्धी, म्हणजे न आढळणं, हे वेगळं, सहावं प्रमाण (ज्ञानाचं साधन) मानलं. पण त्याला अट घातली योग्यतेची: घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही, म्हणून तो नाही असं ठरत नाही.

लहानपणी घाटकोपरच्या चाळीत वीज गेली की मी फडताळात चाचपडून “नाहीये” म्हणून मोकळी व्हायचे. आई कंदील पुढे करायची. “उजेडात बघ, मग सांग.”

शोधाची आखणी म्हणजे हा कंदील. शहराची दोन्ही नावं ‘किंवा’ने जोडायची. अॅनिमियाच्या ब्रिटिश स्पेलिंगमधला जास्तीचा ‘ए’ अमेरिकी स्पेलिंगमध्ये गळतो. म्हणून दोन्ही टाकायची. एकाच डेटाबेसवर विसंबायचं नाही. आणि सगळं लिहून ठेवायचं: तारीख, डेटाबेस, शब्द जसेच्या तसे, किती निबंध आले. शोधाची नोंद कशी करायची हे सांगणाऱ्या, २०२१ साली आलेल्या ‘प्रिझ्मा-एस’ ह्या १६ मुद्द्यांच्या सूचीत हेच मागितलं आहे.

सूची नसती तरी मी हे लिहिलं असतं. ‘नाही’ हा फार मोठा दावा आहे. त्यावर विसंबून कुणी नवी चाचणी सुरू करतं, कुणी एखादा उपचार सोडून देतं. म्हणून माझा कंदील कुठवर पोचला हे दुसऱ्याला तपासता यायला हवं. कुठे पाहिलं नाही, तेही मी लिहिते: अप्रकाशित प्रबंध पाहिले नाहीत, मराठी नियतकालिकं पाहिली नाहीत. तेवढ्या अंधाराबद्दल मी ‘नाही’ म्हणत नाही, ‘माहीत नाही’ म्हणते. सत्याशी प्रामाणिक राहणं मला तरी ह्याच दोन शब्दांतल्या फरकात सापडलं.

कुष्ठरोगाच्या त्या शोधाचं पान माझ्या वहीत अजून आहे. शब्द लिहून ठेवले होते, म्हणूनच चूक कुठे झाली ते दोन मिनिटांत कळलं. ‘मुंबई’पुढे लाल शाईने ‘किंवा बॉम्बे’ लिहिलं आहे, आणि खाली दुसरी तारीख.