स्तोत्र ८४ : गाव गेलं, देऊळ राहिलं



आजचं वाचन स्तोत्र ८४. यातल्या चिमणीला वेदीपाशी घरटं मिळतं, आणि स्तोत्र लिहिणाऱ्याला तिचा चक्क हेवा वाटतो. संडे स्कूलमध्ये हे पाठ केलं होतं. कळलं मात्र स्वीडनमध्ये.

ऑफिसच्या कामानं लुलेओला गेलो होतो. उत्तर स्वीडनमधलं शहर. फेसबुकनं २०१३ साली तिथे डेटा सेंटर सुरू केलं, त्यामुळे आमच्या लाइनमध्ये हे नाव कानावर असतं. सुट्टीच्या दिवशी दहाएक किलोमीटरवरच्या गामेलस्टाडला गेलो.

मधोमध पंधराव्या शतकातलं दगडी नेडरलुलेओ चर्च. भोवती लाल रंगाची, पांढऱ्या चौकटींची लाकडी घरं, चारशेच्या वर. बहुतेक बंद. मला वाटलं, गाव ओसाड पडलंय. पण ही कायम राहायची घरं नाहीतच! पॅरिश अफाट मोठं. लोक घोड्यावरून, होडीतून, हिवाळ्यात बर्फावरच्या गाडीतून उपासनेला यायचे. त्याच दिवशी परतणं शक्य नव्हतं. म्हणून देवळाभोवती मुक्कामापुरतं छोटं घर बांधायचं. मला ती चिमणी आठवली.

पुढची गोष्ट आणखी भारी आहे. हिमयुगात बर्फाच्या ओझ्यानं दबलेली तिथली जमीन अजूनही वर येतेय, शंभर वर्षांत जवळजवळ मीटरभर. समुद्र मागे सरला, बंदर उथळ झालं. १६२१ साली वसवलेलं शहर १६४९ मध्ये उचलून किनाऱ्याकडे नेलं. व्यापार गेला, बाजार गेला. देऊळ जागेवरच राहिलं, आणि खेड्यापाड्यांतले लोक तिथेच येत राहिले. १९९६ पासून तो जागतिक वारसा आहे.

उपासनेला हजेरी त्या काळी सक्तीची होती, हेही खरं. उगाच सगळ्यांना संत करायला नको. पण सक्तीनं फार तर हजेरी लागते. एका खिडकीत पांढरा विणलेला पडदा होता. तो कुणी हौसेनंच लावला असणार.

आणि मी? माझं चर्च घरापासून सात किलोमीटर. लॉकडाऊनमध्ये यूट्यूबवर उपासना बघायची सवय लागली, ती सुटलीच नाही. संदेश दीडपट वेगानं ऐकतो. (हसू नका, तुमच्यातलेही काही जण ऐकतात.) प्रभुभोजन मात्र स्क्रीनवरून मिळत नाही. किती महिने घेतलं नाही, हे मोजायचंच मी टाळत होतो.

चर्चच्या भिंतीपाशी उभा राहून आईला व्हिडिओ कॉल केला. तिला घरं दाखवली, चर्च दाखवलं. ती खूश झाली. मग सहज विचारलं, "मागच्या रविवारी उपासना कशी झाली?"

"छान झाली रे. रिक्षा मिळेना, म्हणून पहिलं गीत चुकलं."

त्या रविवारी मी पुण्यातच होतो. सोफ्यावर. गाडी खाली पार्किंगमध्ये उभी होती.

येत्या रविवारी उपासना साडेआठला आहे. साडेसातला निघू, असं आईला सांगितलंय.