मनाचें माप

गेल्या महिन्यांत आमचे एक शेजारी संध्याकाळीं घरीं आले, ते हातांत चार पानांचा अहवाल घेऊन. मुलगा सहावींत, बोलण्यांत तरतरीत, पण लिहावयास बसला कीं अडखळणारा. शाळेच्या सांगण्यावरून त्यांनीं त्याची मानसशास्त्रीय तपासणी करविली होती. पहिल्या पानावरील ९३ या आंकड्यावर बोट ठेवून, खटला हरलेल्या पक्षकाराच्या चेहऱ्यानें ते म्हणाले, "हें त्याला सांगावें कीं लपवावें?"

हा आंकडा आला कोठून, तें आधीं पाहिलें पाहिजे. शाळेंत मागें पडणाऱ्या मुलांना ओळखून त्यांना निराळें साहाय्य देतां यावें, या हेतूनें आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमों यांनीं १९०५ सालीं पॅरिस येथें तीस कसोट्यांची मालिका रचली. बुद्धि ही जन्मतः ठरलेली, न वाढणारी राशि आहे, या मताचा बिनेनें १९०९ सालच्या आपल्या ग्रंथांत कडक निषेध केला. १९११ त तो वारला, आणि साहाय्यासाठीं केलेलें साधन शिक्का मारण्याच्या कामीं आलें. १९२७ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें कॅरी बक या तरुणीची सक्तीची नसबंदी कायदेशीर ठरविली. तिच्या 'मंदबुद्धी'च्या पुराव्यांत तिचें मानसिक वय नऊ असल्याची नोंद होती. मंद म्हणूनच गणली गेलेली तिची लहान मुलगी पुढें शाळेंतील गुणवंतांच्या यादींत आली! आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनीं बिनेच्या कसोट्या मराठी व कानडी मुलांसाठीं नव्यानें बसविल्या, व १९४० सालीं त्यांचा त्यावरील ग्रंथ निघाला. परक्या मुलखाच्या गजानें आपलीं मुलें मोजूं नयेत, हें त्यांनीं ओळखलें.

चांगली तपासणी आंकड्यापासून सुरू होत नाहीं. प्रथम आईबापांशीं बोलणें होतें : मूल बोलूं केव्हां लागलें, आजार कोणते झाले, नजर व कान तपासले आहेत काय. मग एक-दोन बैठकींत मुलाकडून ठोकळे जुळवून घेतात, अंक उलटे म्हणवून घेतात, शब्दांचे अर्थ विचारतात, वाचावयास व लिहावयास देतात. बहुतेक कसोट्यांत सरासरी १०० धरतात आणि सुमारें दोन-तृतीयांश माणसें ८५ ते ११५ यांमध्यें येतात. शिवाय मूल थकलेलें वा भ्यालेलें असेल तर आंकडा हलतो. आम्हां लोकांना जन्मपत्रिकेची संवय जुनी; म्हणून ही दुसरी पत्रिकाहि आम्ही त्याच श्रद्धेनें वाचतों.

मीं अहवालाचें तिसरें पान काढलें. शब्दज्ञान व तर्क सरासरीहून चांगले. लेखनाचा वेग व शुद्धलेखन फार खालीं. अंगें अशीं विषम असतां त्यांची गोळाबेरीज फारसें कांहीं सांगत नाहीं. खालीं लिहिलें होतें कीं ही लेखनाची विशिष्ट अडचण आहे, परीक्षेंत अधिक वेळ द्यावा. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यानें अशा अडचणीस मान्यताहि दिली आहे. शेजाऱ्यांनीं तें पान वाचलेंच नव्हतें.

राहिला सांगण्याचा प्रश्न. प्रौढ मनुष्य बहुधा आपल्या पायांनीं तपासणीस जातो, काय विचारतां म्हणून अडवूं शकतो, अहवाल कोणास दाखवावयाचा तें ठरवितो. मुलाला यांतलें कांहींच करतां येत नाहीं. त्याची संमति न घेतां त्याचें मन उलगडून पाहिलें. आतां त्यांत काय दिसलें तें शिक्षकांना ठाऊक, आत्याला ठाऊक, आणि त्यालाच तेवढें नाहीं, हा मला अन्याय वाटतो. आंकडा मागाहून सांगा, वा सांगूं नका. पण तिसरें पान त्याचें आहे.

दोन दिवसांनीं शेजारी पुन्हा आले. त्यांनीं मुलाला जवळ बसवून सर्व समजावलें होतें. त्यानें एकच विचारलें : "म्हणजे बाबा, मी आळशी नाहीं?"

तो शब्द दोन वर्षें घरांत रोज उच्चारला जात होता. शेजारी बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. चहा तसाच निवून गेला.