हौसेचे कष्ट

गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, त्या दिवशी माझ्या सहकाऱ्यांनी माझा सत्कार करायचा घाट घातला होता. सत्काराला निमित्त लागते, आणि खेड्यातल्या शाळेत निमित्तांची टंचाई कायमचीच. तेव्हा या खेपेला माझ्या सायकलीवर भागवावे असे ठरले. दिवाळीआधीच्या रविवारी आम्ही पाच मित्र अंबाजोगाईहून सौताड्यापर्यंत, जमेल तिथे डांबर टाळून, खडीच्या आणि मुरमाच्या वाटांनी सायकली मारीत गेलो होतो. अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्यावर चित्रकलेच्या मास्तरांनी वळणदार अक्षरांत लिहिले होते : 'अपार कष्टांबद्दल हार्दिक अभिनंदन.' शाल तयार होती, नारळ तयार होता. आणि सत्कारमूर्ती मात्र फळ्यावरच्या एका शब्दापाशी अडून उभी होती.

'कष्ट' हा शब्द मला लावून घेता येईल का? एवढीच शंका. पण तिचा पाठपुरावा करता करता वर्ष गेले.

आधी या खेळाविषयी दोन शब्द सांगायला हवेत. आमच्या बीड जिल्ह्यात सायकल ही वर्षानुवर्षे गरजेची वस्तू होती. दूध घालणारा, पोस्टमन, तालुक्याच्या शाळेत जाणारी मुलगी यांची ती सोबतीण. ती हौसेची वस्तू झाली ती अलीकडे, आणि गंमत अशी की ज्यांना गाडी परवडते त्यांची. लांब पल्ल्याच्या सायकलवारीत आपल्या मराठी माणसांनी नावही मिळवले आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४८०० किलोमीटरची एक शर्यत असते, 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका'. नाशिकचे डॉक्टर बंधू महेंद्र आणि हितेंद्र महाजन यांनी २०१५ साली दोघांच्या गटात ती नऊ दिवसांच्या आत पुरी केली. २०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत. खडीच्या रस्त्यावरची शर्यत हा याच छंदाचा धाकटा भाऊ. कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावी २००६ साली सुरू झालेली २०० मैलांची शर्यत त्यांत फार गाजलेली. तिथल्या टेकड्या चकमकीच्या दगडाच्या, आणि तो दगड टायर कापतो म्हणे चाकूसारखा. हे वाचले तेव्हा मी मनाशी म्हटले, आमच्या बालाघाटचा काळा दगड तरी काय कमी आहे!

आम्ही स्वतःच आखलेल्या शर्यतीचे नियम दोन-चारच होते. चौदा तासांत पोचायचे. आपले पंक्चर आपण काढायचे. पाणी, खाणे दुकानातून विकत घेतले तर चालेल, कारण दुकान सर्वांना सारखेच उघडे. मात्र कुणी दिलेली मदत घ्यायची नाही. ज्याने घेतली तो बाद. नियम करताना आम्हाला तो फार स्वाभिमानी वाटला होता.

पहाटे योगेश्वरीच्या देवळावरून निघालो. मांजरा धरणाच्या अंगाने केजकडे जाताना वारा गार होता, ज्वारीची पेरणी नुकतीच झालेली होती, कपाशी फुटत होती. मांजरा नदीचा उगम पाटोदा तालुक्यातल्या डोंगरात. म्हणजे दिवसभर आम्हाला नदीच्या उलट, तिच्या माहेराकडे चढत जायचे होते. खडीवर सायकल चालवण्याची एक रीत आहे. चाकांत हवा थोडी कमी ठेवायची, हात सैल सोडायचे, आणि मागच्या चाकाला आपली जागा आपण शोधू द्यायची. मूठ आवळली की सायकल घसरलीच. डांबरी सडकेवर माणूस डोक्यात हजार विचार घेऊन चालतो. खडीवर एकच, पुढच्या दोन हातांचा. मांजरसुंब्याचा चढ ओलांडेपर्यंत मांड्या दुखत होत्या, तळहातांना मुंग्या येत होत्या, आणि खोटे कशाला सांगू, मी विलक्षण सुखात होतो.

पाटोद्याच्या अलीकडे, भर दुपारी, एका पाणंदीत टायर चिरला. मित्र पुढे निघून गेलेले. आतून रबराचा तुकडा लावून ट्यूब बदलेपर्यंत अर्धा तास गेला, आणि बाटलीतले पाणी संपले. दुकान जवळपास नव्हते. जवळ होती ती तीन-चार घरांची वस्ती, आणि तिच्यासमोर उभी असलेली ट्रॅक्टरची ट्रॉली. तीत पिठाची पोती, भांडी, अंथरुणे, खोपीसाठी बांबू आणि ताडपत्री भरणे चालले होते. दसरा झाला की आमच्या जिल्ह्यातून अशा ट्रॉल्या निघतात, त्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात, साखर कारखान्यांच्या फडांवर. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. परत यायचे ते पाडव्याच्या सुमारास.

एक म्हातारी तांब्या घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "घ्या बाबा, पानी घ्या. तोंड बघा कसं सुकलंय."

मी म्हणालो, "नको मावशी."

"आहो घ्या की."

"नको. चालत नाही."

मला म्हणायचे होते, आमच्या शर्यतीच्या नियमात चालत नाही. पण ते म्हणायच्या आत तिचा पुढे आलेला हात थांबला. तिने माझ्याकडे नव्हे, तांब्याकडे पाहिले आणि अगदी सहज, जणू ही गोष्ट तिला जुनीच होती, अशा आवाजात विचारले, "आमच्या हातचं चालत नाही का?"

वाचकहो, दीडशे किलोमीटरच्या वाटेत जे चढ आले ते मी विसरून गेलो आहे. हा एक विसरलो नाही. आपल्या गावांत पाणी नाकारण्याला किती जुना आणि किती वाईट अर्थ आहे, हे मास्तर असून मला त्या क्षणापर्यंत सुचले नव्हते. आमचा तो स्वाभिमानी नियम खेळाच्या मैदानाबाहेर पडताच दुसऱ्याच्या मानावर पाय देऊन उभा होता. मी तांब्या घेतला, घटाघटा प्यालो, पुन्हा मागून घेतला. तेव्हा म्हातारी शेजारच्या दगडावर टेकली आणि चौकशीला लागली.

"कुठून आलाव?"

"अंबाजोगाईहून."

"सायकलीवर? कामून? गाडी नाही भेटली?" मग माझ्या धुळीने भरलेल्या अवताराकडे पाहून, "ह्याची हाजरी किती भेटती?"

हाजरी म्हणजे रोजगार. मी म्हणालो, "हाजरी नाही मावशी. उलट आम्हीच वर्गणी काढलीय."

ती खळखळून हसली. "म्हंजी राबायचं बी आपुन, अन् पैसं बी आपुनच द्यायचं! हौसेला मोल नसतं म्हनत्यात ते खरंय बघा."

हौसेला मोल नाही, ही म्हण आपण सगळेच वापरतो. हौसेपुढे पैसा किती गेला ते पाहू नये, असा तिचा अर्थ. पण पाणंदीतल्या त्या दगडावर तिला दुसरा अर्थ फुटला : जे हौसेने केले त्याची मजुरी मागता येत नाही. आणि सत्काराची शाल ही मजुरी नव्हे तर काय?

यावर एक उत्तर असे संभवते की, भोवती एवढे राबणारे लोक असताना मौजेखातर घाम गाळणे हीच चेष्टा आहे. सायकल अडगळीत टाकावी. हे उत्तर पापभीरू माणसाला चटकन पटते. पण मी सायकल टाकल्याने कुणाच्या डोक्यावरची उसाची मोळी हलकी होईल? पुरणपोळी नाकारून उपाशी माणसाचे पोट भरत नाही. सणाच्या दिवशी घर मात्र आंबते. आनंदाला लाजणे ही नीती नव्हे.

दुसरे उत्तर अधिक मोहक आहे. देहाला कुठे कळते, कष्ट हौसेचे की पोटाचे? मांडी तीच, घाम तोच. तेव्हा खडीवर दिवसभर झिजून श्रमिकांचे दुःख आपल्याला आतून कळते. असे बोलणारे लोक मी ऐकले आहेत, आणि एके काळी मीही त्यांतला होतो. पण हे खरे नाही. एकादशीचा उपास आणि रिकाम्या डब्याचा उपास यांत पोटाला फरक कळत नसेल, माणसाला कळतो. एकादशीनंतर द्वादशी येणार हे ज्याला ठाऊक आहे, तो उपाशी नसतो, व्रतस्थ असतो. टायर चिरला तेव्हा माझ्या खिशात फोन होता. एक शब्द बोललो असतो तर मित्राची गाडी येऊन मला सायकलीसकट घेऊन गेली असती, आणि घरी कुणी 'का परत आलास' असे विचारले नसते. फडावरच्या माणसाने एक दिवस अंग टाकले तर तो खाडा धरतात, आणि खाडा उचलीच्या हिशेबात जाऊन बसतो. माझ्या आणि त्या म्हातारीच्या मुलाच्या श्रमांत फरक स्नायूंचा नाही, थांबण्याच्या अधिकाराचा आहे. आणि तो अधिकार ज्याच्याजवळ असतो त्याला तो दिसत नाही. घरातल्या दिव्याचा उजेड घरातल्या माणसाला जसा जाणवत नाही तसा.

खुद्द खडीचीच गोष्ट घ्या. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यात पीक बुडाले, विहिरी आटल्या, आणि गावेच्या गावे दुष्काळी कामावर खडी फोडायला बसली. त्या अनुभवातून पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. माझी आई तेव्हा नवी सून होती. तीही हातोडी घेऊन बसली होती. त्या रविवारी रात्री मी घरी आलो, माझ्या ढोपरात रुतलेली कच तिने सुईने काढली, आणि एवढेच म्हणाली, "खडी अजून तशीच टोचती." दीडशे किलोमीटर मी कुणाची मदत न घेता जाणार होतो! पायाखालचा एकेक दगड कुणाच्या तरी हाताने फुटलेला होता. आमचा नियम फक्त नाव-गाव कळलेली मदत मोजत होता. बाकीची मोजायला त्याच्याजवळ आकडेच नव्हते.

मग हौसेच्या श्रमांना काही किंमत नाही काय? आहे, असे मला वाटते. पण ती खेळाची किंमत आहे. पंढरीला पायी जाणारा वारकरी पायाचे फोड मिरवीत नाही, आणि आपण फार कष्ट काढले असे त्याने म्हटलेले मी ऐकले नाही. तो म्हणतो, वारी घडली. आपल्या भाषेने हा भेद फार पूर्वीच ओळखून ठेवला आहे. घडते ती वारी, करतो ते व्रत, खेळतो तो खेळ. आणि काढावे लागतात ते कष्ट. 'काढावे लागतात' यातले 'लागतात' ज्याच्या वाट्याला आले नाही, त्याने तो शब्द उसना घेऊ नये. घेतला तर ज्याचा तो आहे त्याच्याजवळ काय उरते? मोकळ्या माणसाने आपले मोकळेपण आनंदाने भोगावे. फक्त त्याला त्याग म्हणू नये. आणि भोगता भोगता एवढे मनात धरावे की, थांबण्याचा अधिकार ही मोजक्यांची हौस न राहता सर्वांच्या कामात उतरली पाहिजे. समाज कुठवर आला हे त्याच्या शर्यतींवरून कळत नाही. कामावरच्या माणसाला एक दिवस आजारी पडता येते की नाही, यावरून कळते.

सौताड्याला मी अंधार पडता पडता पोचलो. वेळेत पोचलो. विंचरणेचा धबधबा दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. मित्रांना मी तांब्याची हकिकत सांगितली. दोघे म्हणाले, न मागता मिळालेले पाणी मदतीत धरू नये. मी म्हणालो, नियम तो नियम. माझ्या नावापुढे 'बाद' लिहा. त्यांनी लिहिले. बाद होण्यात एवढे समाधान असते हे मला ठाऊक नव्हते. यंदा मात्र आम्ही नियमच बदलला आहे : वाटेत कुणी पाणी दिले तर ते घेतलेच पाहिजे.

आणि तो सत्कार? मी खडू घेतला, फळ्यावरचा 'कष्ट' हा शब्द पुसला आणि तिथे 'हौस' लिहिले. 'अपार हौसेबद्दल हार्दिक अभिनंदन.' सगळे हसले. शाल परत गेली. नारळ तेवढा फोडून सर्वांनी खाल्ला.

मग घंटा झाली. वर्गात जाऊन मी हजेरीचे पुस्तक उघडले. सुट्टीनंतरचा पहिला दिवस. काही मुले आजीजवळ मागे राहिली होती, काही हंगामी वसतिगृहात. बाकीची आईबापांबरोबर गेली होती. एकेक नाव मी वाचू लागलो. तिसऱ्या नावाला उत्तर आले नाही. पाचव्यालाही नाही. मी त्या रकान्यांत गैरहजेरीची खूण केली आणि थोडा वेळ तसाच थांबलो. मला थांबता येत होते.