देण्याआधीचा हक्क

सांगली संस्थानच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हा सीतेची भूमिकादेखील पुरुषाकडेच होती. आणि त्या समयी सातारा जिल्ह्यातील नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांची लेक, नवव्या वर्षी लग्न होऊन, पुण्यास सासरी नांदत होती. त्या लेकीला, सावित्रीबाई फुल्यांना, स्वतःच्या तोंडाने स्वतःची कहाणी सांगावयास लावले ते सुषमा देशपांडे या अभिनेत्रीने. स्त्रियांच्या चळवळीत वावरलेल्या सुषमाताईंनी १९८९ पासून ‘व्हय मी सावित्रीबाई’ हा एकपात्री प्रयोग गावोगाव केला, आणि स्वतः लिहिलेली, वर्षानुवर्षे जोपासलेली ती भूमिका पुढे तरुण अभिनेत्रींच्या स्वाधीन केली. नटाची खरी मिळकत म्हणजे त्याची भूमिका. ती आपखुशीने दुसऱ्याच्या हाती देणे हे मला मोठे दान वाटते.

परंतु दान तोच करू शकतो, ज्याच्यापाशी स्वतःचे म्हणावे असे काही असते. जोतीराव-सावित्रीबाईंनी एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेतला आणि १८८७ च्या मृत्युपत्राने त्यास रीतसर वारस केले. त्यांनी त्यास अन्नवस्त्राबरोबर नाव दिले, घर दिले, हक्क दिला. १८९० साली जोतीरावांच्या अंत्ययात्रेत भाऊबंदांनी त्या हक्कास हरकत घेताच सावित्रीबाईंनी वारसाने धरावयाचे टिटवे स्वतः हाती धरले आणि त्या पुढे चालू लागल्या. सात वर्षांनी प्लेगात मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी डॉक्टर झालेल्या याच यशवंताच्या दवाखान्यात आणले, आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला.

या माउलीचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या कृष्णाकाठी आजही बाप वारला की बहिणींपुढे हक्कसोडपत्राचा कागद येतो. “भावाला दिलं तर माहेर राहील,” असे वडीलधारी मंडळी समजावितात, साडीचोळी होते, आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अंगठा उमटतो. महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हिस्सा दिला. तरीही जो हिस्सा तिच्या हाती कधी आलाच नाही, तो तिने सोडून द्यावा आणि त्या सोडण्यास आपण तिचा मोठेपणा म्हणावे, ही रीत मला अन्यायाची वाटते. माहेर तुटण्याच्या भयाने दिलेले ते दान नव्हे, तो दंड होय.

म्हणून सातारा-सांगलीकडील भावांना माझी कळकळीची विनंती आहे, की बापाच्या पश्चात सातबाऱ्यावर आधी बहिणीचे नाव चढवा, तिचा उतारा तिच्या हाती द्या, आणि तिने पुढे काही दिले वा न दिले तरी दिवाळीला तिला न्यावयास त्याच ओढीने जा.